पिवळी टिकली

लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी विचारलं, "काम काय करता?" मी म्हणालो, "चाकं वाजवतो." त्यांना वाटलं मी बँडात आहे. बायको अजूनही हा किस्सा पाहुण्यांना सांगते आणि प्रत्येक वेळी त्यात थोडी भर घालते.

ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. तिथे लोखंडाचे सुटे भाग घासून अचूक मापाचे करायचे. घासायचं चाक दगडासारखं असतं, कुठलं ताटाएवढं, कुठलं परातीएवढं. यंत्रावर बसवलं की ते भयंकर वेगाने फिरतं. त्याला आत केसाएवढा जरी तडा असला, तरी फिरताना ते फुटतं आणि तुकडे समोरच्या माणसाच्या छातीत घुसतात. तडा डोळ्यांना दिसत नाही, कानांना कळतो. चाक दांडीला अडकवायचं, हत्याराच्या लाकडी मुठीने चार ठिकाणी हलकेच ठोकायचं आणि ऐकायचं. चांगलं चाक टण्ण वाजतं आणि तो आवाज थोडा वेळ हवेत राहतो. तडा गेलेलं चाक ढब्ब करून गप्प बसतं. हे ऐकायचं काम माझं. पास झालेल्या चाकावर मी पिवळ्या खडूचा ठिपका द्यायचो. सगळे त्याला टिकली म्हणायचे.

नियम असा होता की यंत्रावरच्या माणसानेही बसवण्याआधी चाक एकदा स्वतः वाजवून बघायचं. आमच्याकडे ते कुणी करत नसे. माझी टिकली असलेलं चाक परत वाजवणं म्हणजे माझ्या कानावर शंका घेणं, असा एक रिवाजच पडून गेला होता. नव्याने लागलेल्या एकाने एकदा वाजवून बघितलं, तर बाकीच्यांनीच त्याला झापलं. मी तिथेच उभा होतो आणि त्याची बाजू घेतली नाही. खरं सांगतो, मला ते फार आवडलं होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी पस्तिशीच्या आसपास होतो. कल्याणला दोन खोल्या, बायको एका सरकारी कचेरीत कामाला. सगळं बरं चाललं होतं आणि एका सकाळी डोळे लाल झाले.

डोळे आले, यात काय मोठंसं? आमच्या डॉक्टरांनी थेंब दिले. बायकोने घरातले टॉवेल उकळले, माझी उशी वेगळी केली आणि मला काळा गॉगल आणून दिला. तो घालून मी कामावर गेलो. कळव्याचा माझा दोस्त घासाईच्या यंत्रावर होता. तिथल्या जुन्या गावातलाच, आधीची पिढी मिठागरात राबलेली. दहा वर्षं आम्ही डबा एकत्र खात होतो. मला बघून तो म्हणाला, "काय रं हिरो, डोलं लाल करून आलास. रातचे कुठं व्हतास?" सगळे हसले. आठवड्याभरात लाली उतरली आणि मी डोळे विसरूनही गेलो.

पुढे तीनेक आठवड्यांनी नवीन चाकांची पेटी आली. पहिलं चाक ठोकलं, ढब्ब. दुसरं, ढब्ब. एकाच सकाळी मी अकरा चाकं बाजूला काढली. माझं डोकंच फिरलं. सप्लायर काय आम्हाला मूर्ख समजतो? मग विचार केला, पावसाळा नुकता सरतोय, चाकांनी ओल धरली असेल. ओल धरलेलं चाकही नीट वाजत नाही, हे खरंच आहे. मी अकराही चाकं कारखान्याच्या आवारात गोणपाटावर उन्हात वाळत घातली. दोन दिवस मी त्यांना पापडांसारखं उलटंपालटं करत होतो. कावळ्यांना हाकलायचा मोह तेवढा आवरला. चाकं वाळली आणि वाळूनही ढब्बच वाजली.

आज हसू येतं. चाकं बिघडली, हवा बिघडली, दांडी बिघडली, माझ्या मनात सगळं आलं. कान बिघडला, हे काही केल्या आलं नाही.

सप्लायरचा माणूस आला. त्याने सगळ्यांसमोर अकरा चाकं एकेक करून वाजवली आणि आजूबाजूचे चेहरे बघून मला कळलं की ती चांगली वाजत होती. दोस्तानेही एक वाजवलं आणि माझ्याकडे न बघता खाली ठेवलं. आमच्या साहेबांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय हो, दुसऱ्या कुणा सप्लायरने तुम्हाला काही सांगितलंय का?"

मी लाच खातो, असा त्याचा अर्थ. माझ्या अंगाची लाही लाही झाली. काय बोललो ते आठवत नाही, पण मोठ्याने बोललो असणार, कारण दोस्ताने दंड धरून मला बाहेर नेलं.

आणि गंमत बघा, तीन दिवसांनी चाकं परत टण्ण वाजायला लागली. तीच चाकं, तीच दांडी. आता काय समजायचं? मग पुन्हा चार दिवस ढब्ब, पुन्हा दोन दिवस बरे. डाव्या कानात सारखी घरघर, जणू कुणी लांब गिरणी चालू ठेवून गेलंय. कधी ती उजव्या कानातही यायची आणि निघून जायची. एखादा आजार आला की तो राहतो, वाढतो, नाहीतर जातो. येतो-जातो, येतो-जातो, याला आजार म्हणायचं की भास, तेच मला कळत नव्हतं. मी कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही.

त्या दिवसांत मी जे केलं ते आता सांगतो, कारण बाकी सगळं त्यापुढे किरकोळ आहे. आवाज येत नसलेल्या दिवशी मी चाकाला बोटं लावून थरथर जोखायचो. थरथर लागली की टिकली. कधी नीट लागायची नाही, तरी टिकली. पुन्हा अकरा चाकं बाजूला काढून पुन्हा ते वाक्य ऐकायची माझी तयारी नव्हती. ठोकायचो, मान डोलावायचो आणि खडू टेकवायचो. कुणीही ते चाक परत वाजवणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

मग एक दिवस मी पडलो. कारखान्याच्या कामासाठी दोस्ताबरोबर माजिवड्याला गेलेलो. नाक्यावर उतरलो आणि सगळा हायवे डावीकडे कलला. ट्रक, टपऱ्या, विजेचे खांब, सगळं गरागरा. मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि भडाभडा ओकलो. लोक म्हणाले, भर दुपारी पिऊन आलाय. दोस्त त्यांच्यावर खेकसला आणि मला रिक्षात घालून कल्याणपर्यंत घेऊन आला. त्याच रात्री आमच्या बिल्डिंगमध्ये बातमी पसरली की मी दारूला लागलो. एका शेजाऱ्याने तर दुसऱ्या दिवशी मला समजावायला म्हणून चहाला बोलावलं.

पुढचे दोन महिने नुसता सावळा गोंधळ. आमचे डॉक्टर म्हणाले, पित्त आहे, तिखट बंद. दुसऱ्यांनी मान दाबून बघितली आणि गळ्यात पट्टा घातला. तिसऱ्यांनी कानातला मळ काढला आणि एवढा निघाला की बायको खूश झाली, आता बरं वाटेल म्हणाली. कान स्वच्छ झाले, ऐकू तेवढंच आलं. तिकडे गावाकडच्या मंडळींनी कुणाची तरी दृष्ट काढून घ्यायला सांगितलं, तीही काढली. पित्त, मान, मळ आणि दृष्ट. मी सगळ्यांवर विश्वास ठेवला आणि कुणावरच ठेवला नाही. चिडचिड एवढी वाढली की ताटात मीठ कमी पडलं तरी मी अंगावर जायचो. बायको हाक मारायची आणि मी ओ द्यायचो नाही. तिला वाटायचं राग धरलाय.

मध्येच डोळे पुन्हा लाल झाले. या वेळी उजेड सहन होईना. बायकोच्या कचेरीत कुणीतरी डोंबिवलीच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. वयस्कर, पुणेरी बोलणं. त्यांनी हनुवटी यंत्रावर टेकवायला लावून बराच वेळ डोळ्यांत पाहिलं. मग मागे सरून काहीतरी विचारलं. मला नीट ऐकू आलं नाही. मी बायकोकडे बघितलं.

ती माझ्या उजव्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, ते विचारतायत, कानाला काही त्रास आहे का?"

डोळ्यांचा डॉक्टर कानाचं विचारत होता. इतक्या महिन्यांत कुणी दोन गोष्टी एकत्र धरल्या नव्हत्या. मी हो म्हणालो आणि तिथेच, बायकोच्या देखत, सगळं सांगितलं. घरघर, येणं-जाणं, सगळं. तिचा चेहरा पडला. ती एवढंच म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी चिठ्ठी देऊन मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याहून लहान असतील. कानात यंत्र लावून तपासणी झाली. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवा अर्ध्यावर. मग बाईंनी मला शर्ट काढायला लावला, पाठीवर एक हात ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने टक टक ठोकून ऐकलं. मग छातीला नळी लावली, बराच वेळ. मला कळेना, कान गेलेल्या माणसाच्या छातीत काय ऐकायचं? पण ठोकून ऐकणं मला ओळखीचं होतं. बाई माझंच काम करत होत्या. मी त्यांच्या चेहऱ्यावर टिकली शोधत बसलो.

त्या कागदावर चित्र काढून बोलल्या आणि बायकोने मला पुन्हा मोठ्याने सांगितलं. आतला कान वाटाण्याएवढा. त्याला रक्त पोचवणारी वाहिनी एकच, दोऱ्यासारखी, दुसरी वाट नाही. बाहेरच्या रोगजंतूंशी लढायचं ते सैन्य शरीर स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर सोडतं. वाहिनीच्या भिंती सुजतात, आतली जागा अरुंद होते आणि कान उपाशी राहतो. सूज कमी-जास्त होते, म्हणून ऐकू येणं येतं-जातं. डोळ्यांचंही त्यातूनच. तोल सांभाळायची जागा त्याच आतल्या कानात असते, म्हणून माजिवड्याचा हायवे कलला. पुढे हृदयाजवळची मोठी वाहिनीही सुजू शकते, म्हणून छाती ऐकली.

आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याचा जोर कमी झाला की सगळ्यात आधी वरच्या मजल्याचा नळ कोरडा पडायचा. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो, त्यामुळे मला हे लगेच कळलं. कळलं नाही ते एवढंच, की माझंच शरीर माझ्यावर का उठलं. मी विचारलं, माझं काय चुकलं? बाई म्हणाल्या, काही नाही. ते उत्तर मला अजिबात आवडलं नाही. काही चुकलं असतं तर दुरुस्त तरी करता आलं असतं.

"हाच आजार आहे, हे नक्की?" बायकोने विचारलं.

बाई प्रामाणिक होत्या. नक्की सांगणारी तपासणी नाही, म्हणाल्या. स्टेरॉइडच्या गोळ्या आजच सुरू करायच्या. उजवा कान सुधारला तर हाच आजार. डाव्याची आशा धरू नका. आणि यापुढे उजव्यात जरा जरी फरक पडला तरी त्याच दिवशी या, दोन-चार दिवस घालवलेत तर तोही जाईल.

परतताना मी ठाण्याला उतरायचं म्हणालो. बायको म्हणाली, आधी घरी चला. मी ऐकलं नाही. कारखान्यात दुपारची पाळी चालू होती. दोस्त यंत्रावर उभा होता, चाक फिरत होतं, त्यावर माझी टिकली असणार. मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं की दोन-अडीच महिने मी न ऐकता टिकल्या लावल्यात. कुठल्या चाकांवर, ते मला माहीत नाही.

तो तसाच वळला. गेला, यंत्र बंद केलं आणि चाक पूर्ण थांबेपर्यंत तिथेच उभा राहिला. मग पुढच्या यंत्राकडे गेला, मग त्याच्या पुढच्या. साहेब केबिनमधून धावत आले. माझ्याकडे बघून ते बरंच काही बोलले, मला त्यातलं फार थोडं ऐकू आलं. तेवढा एक फायदा.

टिकलीवाली चाळीसेक चाकं उतरवली. दोस्त एकेक वाजवत होता. मी पेटीवर बसून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. बायको माझ्याशेजारी उभी होती. एक, दोन, दहा, वीस, सगळी बरी. मला वाटायला लागलं, वाचलो. मग त्याने एक चाक तीनदा ठोकलं. दुसऱ्याला बोलावून त्यालाही ठोकायला लावलं. ते चाक त्याच्याच यंत्राशेजारच्या, चाकं ठेवायच्या घोडीवरचं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी बसवायचं. त्याच्याच छातीसमोर.

त्याने अंगठ्याने टिकली पुसली. मग माझ्या उजव्या कानाशी वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "तुला ऐकाया नाय आला, त मना सांगायचा व्हता. मीच वाजवला असता."

मी तिथे ढसाढसा रडलो. मला स्वतःची मनापासून लाज वाटली. ते चाक तडा असतानाच मी पास केलं, की नंतर कुणाच्या हातून आपटून तडकलं, हे आजवर कळलेलं नाही. कळणारही नाही. दोस्त पुढे म्हणायचा, आपटला असल कुनीतरी, सोडून दे. मला ते सोडता आलेलं नाही. त्या दिवसापासून यंत्रावरचा प्रत्येक जण आपलं चाक स्वतः वाजवायला लागला, हे मात्र झालं.

गोळ्यांनी मला राक्षसी भूक लागली आणि गाल फुगले. दोस्त भेटायला आला तेव्हा म्हणाला, कल्याणचा पानी मानवलाय. नवव्या दिवशी स्वयंपाकघरात स्टीलची वाटी पडली आणि मी दचकलो. बायको माझ्याकडे बघतच राहिली. तिने मुद्दाम ती वाटी उचलून चमच्याने वाजवली. उजव्या कानात स्वच्छ वाजली. डाव्यातही एक पुसट आवाज आला, पण तो वेगळाच, चिरकलेला. एकाच वाटीचे दोन आवाज, दोन्ही मलाच ऐकू येणारे. खरा कुठला, हे ठरवायला मी परत परत वाजवायला लावली, शेवटी ती कंटाळली.

पण त्यातून तिने एक नेम धरला. रोज सकाळी मी खिडकीकडे तोंड करून बसायचं. मागे ओट्याशी उभी राहून ती वाटी एकदा वाजवणार. मी "वाजली" म्हणालो की चहा. बाईंनी सांगितलेला फरक ओळखायचा हा तिचा उपाय. सात-आठ महिने असं चाललं. गोळ्या हळूहळू कमी होत आल्या. साहेबांचाही राग निवळला. उजव्या कानाचा रिपोर्ट बघून ते म्हणाले, सोमवारपासून परत चाकांवर या. मी नवीन पिवळा खडू आणून शर्टाच्या खिशात ठेवला.

आज मला उजव्या कानाने जे ऐकू येतं, ते त्या सोमवारच्या सकाळमुळे. मी आंघोळ करून, शर्ट घालून खिडकीशी बसलो. उठल्यापासून कान जरा जड वाटत होता. झोप नीट झाली नसेल, असं मी मला सांगितलं होतं. गोळ्या संपत आल्या होत्या, खडू खिशात होता. रोजच्या अंदाजाने मी थोडा वेळ जाऊ दिला आणि म्हणालो, "वाजली."

मागून चहा आला नाही. बायको समोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात ना वाटी होती, ना चमचा. ती माझ्या तोंडासमोर वाकून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मी अजून वाजवलीच नाही."

मी खाली बघितलं. तिने माझी हनुवटी धरून वर केली.

"खरं सांगा. ऐकू येतंय?"

"नाही," मी म्हणालो.

तिने गॅस बंद केला, कपाटातून हॉस्पिटलची फाइल काढली आणि आम्ही निघालो.